मॉल, बाया आणि बसायची जागा



मॉलचा विषय निघाला की आपल्या बैठकांत चंगळवादावर भरपूर बोलले जाते. ते खोटे नाही. पण घाटकोपरच्या आर-सिटीत किंवा अंधेरीच्या इन्फिनिटीत भर दुपारी बाया का येतात, हेही पाहायला हवे. गार हवा, स्वच्छ संडास, मुलांना पळायला फरशी, आणि 'इथे काय करतेस?' असे न विचारणारी गर्दी. खरेदी कित्येकींची शून्य! नाक्यावर पुरुष तासन्‌तास उभे राहतात. बाईला मात्र हातात पिशवी लागते, काहीतरी काम दाखवावे लागते. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये 'व्हाय लॉइटर?' या पुस्तकातून मुंबईच्या बाईचा विनाकारण रेंगाळण्याचा हक्क मांडला. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेने दाखवून दिले की पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे. अशा शहरात मॉलचा संडास ही चैन कशी म्हणायची?

मात्र ही जागा आपली नव्हे, मालकाची आहे. १९९९ मध्ये हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स उघडले, तेव्हा सुरुवातीला क्रेडिट कार्ड किंवा मोबाइल दाखवा, नाहीतर प्रवेशाचे पैसे भरा, असा नियम होता. आता कोणी तसे बोलून दाखवत नाही. दारावरच्या नजरेला तेवढे कळते.

आणि याच मॉलमध्ये काउंटरमागे उभी असलेली बाई? उपनगरांतल्या ज्या विक्रेत्या मुलींशी मी बोलले, त्या सांगतात : गिऱ्हाईक नसले तरी बसायचे नाही. पाय सुजतात. पाळीच्या दिवसांत संडासात जाऊन दोन मिनिटे टेकायचे, तेही सुपरवायझरला विचारून. २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचे तर तिची संमती, संरक्षण आणि घरापर्यंत वाहन, अशा अटी घातल्या आहेत. संमती! नोकरी टिकवायची असलेली मुलगी नाही कशी म्हणणार?

कोळिकोडच्या मिठाई तेरुवू या बाजारपेठेत दुकानांत काम करणाऱ्या बाया पी. विजी यांच्या पुढाकाराने आधी संडासासाठी एकत्र आल्या, मग खुर्चीसाठी लढल्या. २०१८ मध्ये केरळला बसण्याचा हक्क कायद्यात घालावा लागला, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तो घातला. ही मागणी वरून कोणी दिली नाही, दुकानातल्या बायांनीच ती रेटली.

मुलुंड, घाटकोपर, अंधेरी, बोरिवलीच्या गटांनी आपापल्या भागातल्या मॉलमध्ये जावे, गिऱ्हाईक नसतानाच्या वेळी या मुलींशी बोलावे. खुर्ची आहे का, संडासला जायला विचारावे लागते का, रात्री घरी कशी जाते, हे लिहून पाठवा. नाव कोणाचेच घालू नका, तिची नोकरी जाईल.