खुराड्याच्या भिंतीबाहेर

शेतकऱ्याने आपल्या रानात गोठा बांधला, तर शेजाऱ्याने कोर्टाची पायरी का चढावी, असे कोणाही सरळमार्गी माणसाला वाटेल. इंग्लंडच्या कायद्यालाही पुष्कळ वर्षे तसेच वाटत आले. तेथील नगररचनेच्या कायद्याने शेतीच्या इमारतींना नेहमीच झुकते माप दिलेले आहे. ठराविक आकाराच्या आतील शेतइमारतीला पूर्ण नियोजन-परवानगी आजही लागत नाही. फक्त जनावरांचा निवारा परक्या राहत्या घराच्या ४०० मीटरच्या आत येत असेल, तर ही सवलत मिळत नाही. आमच्याकडील महाराष्ट्र जमीन महसूल संहितेनेही १९६६ साली शेतइमारतीची व्याख्या केली, तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे अवजारे, वैरण, खत, धान्य आणि गुरांचा आसरा हेच चित्र प्रामुख्याने होते.

पण ज्या 'शेतइमारतीं'त दोन लक्ष दहा हजार कोंबड्या कोंडावयाच्या, त्यांना गोठा म्हणावे की कारखाना? श्रॉपशायर परगण्यातील ब्रिजनॉर्थ शहराजवळ टॅस्ली येथे अशी चार खुराडी उभारण्यास तेथील परिषदेने २०१७ मध्ये मंजुरी दिली. ८५,००० हून अधिक मांसल कोंबड्यांची सोय करावयाची, तर पर्यावरणावरील परिणामांचा अहवाल कायद्याने सक्तीचा आहे. तसा अहवाल येथेही झाला होता. मग बिघडले कोठे? बिघडले ते विष्ठेपाशी! खुराड्यांतून निघणाऱ्या खतापैकी काही मालकाच्या शेतावर आणि उरलेले दुसऱ्यांच्या शेतांवर पसरावयाचे होते. त्या दुर्गंधीचा आणि धुळीचा हिशेब अहवालात पुरता मांडलेलाच नव्हता. पर्यावरण खात्याच्या परवान्यात या गोष्टीचा बंदोबस्त झालेला आहे, असे परिषदेने बिनदिक्कत गृहीत धरले. आणि परवान्याचे हात तर त्या परक्या शेतांपर्यंत पोहोचतच नव्हते! एका कचेरीने दुसऱ्या कचेरीकडे बोट दाखवावे आणि दोघींच्या मधल्या फटीतून घाण गावात यावी, हा प्रकार आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

एका स्थानिक रहिवाशाने दावा लावला. उच्च न्यायालयात पराभव झाला, तरी अपील न्यायालयाने २०१९ च्या मे महिन्यात लॉर्ड जस्टिस लिंडब्लॉम यांच्या निकालाने ती परवानगी रद्द ठरविली. त्याच परगण्याच्या त्याच परिषदेने २०२४ मध्ये फेल्टन बटलर येथे सुमारे दोन लक्ष तीस हजार कोंबड्यांच्या प्रकल्पाला पुन्हा मान्यता दिली आणि २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने तीही रद्द केली. एकाच टापूत अशा प्रकल्पांची दाटी झाल्याने एकत्रित परिणाम काय होतो, हे तपासलेच नव्हते. खताच्या विल्हेवाटीची अटही कायद्यात बसणारी नव्हती. २०१९ मध्ये बसलेली चपराक इतक्या लवकर विसरणारी स्मरणशक्ती सरकारी दप्तरातच सापडावयाची!

येथे एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. न्यायालयाने कोंबड्या पाळू नका, असे म्हटलेले नाही. ते प्रकल्पाचे बरेवाईट ठरवीतच नाही. निर्णय कायद्याच्या रीतीने झाला काय, एवढेच पाहते. रीतीची चूक दुरुस्त करून तोच अर्ज पुन्हा मंजूर करावयास परिषद मोकळी असते. म्हणून काही शहाणे अशा दाव्यांना तांत्रिक खुसपटे म्हणतात. आम्हांस ते मान्य नाही. वास ज्याच्या खिडकीतून आत येणार, त्याचे म्हणणे निर्णयापूर्वी कागदावर यावे, एवढ्यासाठीच तर ती रीत आहे. शेतकऱ्याचे नुकसान होते, हे खरे. दोन वर्षे कर्जाचे पैसे अडकून राहणे ही काही लहान शिक्षा नव्हे. पण तिचे माप अर्धवट तपासणी करणाऱ्यांच्याच पदरात घातले पाहिजे, दावा लावणाऱ्याच्या नव्हे.

आणि दावा लावणेही तेथे सोपे नाही. परवानगी मिळाल्यापासून सहा आठवड्यांच्या आत अर्ज दाखल करावा लागतो. पर्यावरणविषयक दाव्यात हरलेल्या व्यक्तीवर प्रतिपक्षाच्या खर्चाचा बोजा साधारणतः ५,००० पौंडांच्या वर पडू नये, अशी तरतूद आहे, म्हणून तरी सामान्य माणूस धजावतो. स्वतःच्या वकिलाची फी मात्र त्याने निराळी द्यावयाची असते.