महागड्या गाडीचे स्वस्त टायर

माघ-फाल्गुनात धर्माबादच्या बाजारपेठेत लाल मिरचीचा ठसका रस्त्यापर्यंत येतो. याच दिवसांत व्यापाऱ्यांच्या घरी चार पैसे खेळू लागतात आणि वर्षभर पुढे ढकललेली कामे एकेक करून निघतात. घराची रंगरंगोटी, लग्नाची बोलणी, आणि हल्ली त्यांत आणखी एका कामाची भर पडली आहे, ती म्हणजे गाडीचे टायर. गाडी साधी असेल तर हा प्रश्न दुकानाच्या पायरीवर दहा मिनिटांत सुटतो. दारात ऑडी, बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज उभी असली की तोच प्रश्न घरात येतो आणि सायंकाळच्या जेवणापर्यंत चघळला जातो. वडील म्हणतात, “निम्म्या किमतीचा टायर मिळतो, दुकानदार ऐंशी हजार किलोमीटरची हमी देतो, मग तोच का घेऊ नये?” मुलगा म्हणतो, “पप्पा, तुम्ही गाडी एवढी भारी घेतली आणि आता टायरला मागे सरता?”

या वादात दोघांचेही अर्धे खरे आहे. उरलेल्या अर्ध्याचा विचार मात्र बहुधा कोणी करीत नाही.

मराठवाड्याला महागड्या गाड्या नव्या नाहीत. 2010 च्या ऑक्टोबरमध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन एका दिवशी 150 मर्सिडीज विकत घेतल्या होत्या. त्या खरेदीची किंमत सुमारे 65 कोटी रुपये होती आणि तिची बातमी देशभर गाजली. गटाने केलेली ती घासाघीस व्यापारी बुद्धीचा उत्तम नमुना होती. पण गाडी एकदा घेतली जाते, टायर मात्र दर चार-पाच वर्षांनी पुन्हा घ्यावे लागतात, आणि त्या वेळी दुकानात माणूस एकटाच असतो. त्यातच आता आठ-दहा वर्षे वापरलेल्या आलिशान गाड्या नव्या छोट्या गाडीच्या भावात मिळू लागल्या आहेत. अशा गाडीची किंमत उतरलेली असते, तिचे वजन आणि वेग उतरलेला नसतो. टायर वाहतो तो वजनाचा आणि वेगाचा भार. गाडी केवढ्याला घेतली, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही.

टायर रस्त्याला जेथे टेकतो ती जागा तळहाताएवढी असते. पावणेदोन-दोन टनांची गाडी अशा चार तळहातांवर धावते. इंजिन कितीही ताकदवान असो, ब्रेक कितीही मोठे असोत, एबीएससारखी यंत्रणा कितीही चतुर असो, या सर्वांची आज्ञा अखेर रस्त्यापर्यंत पोहोचते ती या चार तळहातांतून. तेथे पकड नसेल तर आतली सारी महागडी यंत्रे निरुपयोगी ठरतात.

ही पकड येते कोठून? रबर मऊ असेल तर ते रस्त्याच्या खरखरीत पृष्ठभागात बारीक शिरते आणि धरून ठेवते. जे धरून ठेवते ते घासलेही जाते. रबर कडक केले की टायर दीर्घकाळ टिकतो, पण धरण्याची त्याची वृत्ती कमी होते. टायर बनवणारे अभियंते या गुंत्याला त्रिकोण म्हणतात. त्याचे एक टोक ओल्या रस्त्यावरची पकड, दुसरे झिजेविरुद्धची टिकाऊ शक्ती आणि तिसरे इंधनाची बचत. एक टोक ओढले की दुसरे आत येते. 1990 च्या दशकात रबरात सिलिका मिसळण्याची पद्धत रुळली आणि हा त्रिकोण पुष्कळ रुंदावला. आज उत्तम टायर तिन्ही बाजूंनी समाधान देऊ शकतो. परंतु त्यासाठी चांगले मिश्रण, नक्षीची काळजीपूर्वक आखणी आणि दीर्घ चाचण्या लागतात. स्वस्त टायरची किंमत कमी होते ती नेमकी या खर्चांना कात्री लावून. म्हणून “निम्म्या किमतीत, आणि शिवाय ऐंशी हजार किलोमीटर” हे वाक्य ऐकले की व्यापाऱ्याच्या मनात जी शंका कोणत्याही अतिस्वस्त मालाविषयी येते, ती येथेही यावी. त्रिकोणाचे कोणते टोक आत घेतले आहे?

अनेक टायरांच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ या शब्दापुढे एक आकडा कोरलेला असतो. ही अमेरिकेतील पद्धत आहे. मुळात ठरवलेल्या टायरला 100 मानून त्या तुलनेत हा टायर किती टिकेल, याचा तो अंदाज. वेगवान गाड्यांच्या खास टायरांवर तो 200 ते 340 च्या आसपास दिसतो, कौटुंबिक प्रवासाच्या टायरांवर 400, 500 किंवा त्याहूनही अधिक. पण हा आकडा कंपनी स्वतःच ठरवते. त्यामुळे एका कंपनीच्या दोन टायरांत तुलना करण्यापुरता तो उपयोगी आहे. दोन कंपन्यांच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून किलोमीटर काढणे व्यर्थ. त्याच ओळीत ‘ट्रॅक्शन’पुढे जे अक्षर असते ते ओल्या रस्त्यावर सरळ थांबण्याच्या क्षमतेचे, आणि ते मात्र कोणी वाचत नाही.

पकडीतला फरक किती महत्त्वाचा, हे शाळेतल्या गणिताने समजते. समजा, ताशी 100 किलोमीटर वेगाने जाणारी एक गाडी ब्रेक दाबल्यावर 40 मीटरांत थांबते आणि कमी पकडीच्या टायरांवर तीच गाडी 50 मीटर घेते. दहा मीटर म्हणजे दोन गाड्यांची लांबी. वाटते, फार काय फरक पडला? पण पहिली गाडी जेथे पूर्ण थांबली, त्या जागी दुसरी अजून ताशी सुमारे 45 किलोमीटर वेगाने पुढे जात असते. नांदेड रस्त्यावर त्या जागी उसाची ट्रॉली उभी असू शकते किंवा पाठीमागे मुलाला बसवून निघालेला दुचाकीस्वार. टायरच्या बचतीची किंमत बहुतेक वेळा बचत करणारा देत नाही. तो एअरबॅगच्या मागे सुरक्षित असतो.

जैन घरांत या गणिताला आणखी एक पदर आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण व्हावे म्हणून नांदेडहून, निजामाबादहून परतणाऱ्या गाड्यांचा वेग चार-साडेचारनंतर नकळत वाढतो. पावसाळ्यात याच वेळी आभाळ दाटते आणि रस्ता ओला असतो. पकडीची खरी परीक्षा त्या अर्ध्या तासात होते.

आता वडिलांच्या बाजूचे अर्धे खरे. शर्यतीच्या वृत्तीचे अतिमऊ टायर धर्माबादच्या कामाचे नाहीत. ते लवकर झिजतात, खडबडीत रस्त्यावर आवाज करतात, आणि त्यांचा जो गुण दोनशेच्या वेगाला दिसतो तो येथे कधीच वापरला जात नाही. काळ्या मातीच्या पट्ट्यातले रस्ते दर पावसाळ्यात खचतात. रुंद आणि बुटक्या टायरची बाजू एखाद्या खड्ड्यात रिंगवर दाबली गेली की तिथे फुगा येतो, आणि फुगा आलेला टायर नवा असला तरी बदलावाच लागतो. म्हणून कंपनीने मूळ बसवलेला खेळाडू जातीचा टायरच पुन्हा घ्यावा, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. चांगल्या नावाच्या कंपनीचा मधल्या किमतीचा, प्रवासी जातीचा टायर अशा गाडीला शोभतो आणि पुरतोही. तो पकडीत फार मागे नसतो, टिकतो मात्र पुष्कळ अधिक.

अट एकच, आणि ती कडेवर कोरलेली असते. उदाहरणार्थ, 225/50 आर 17 94 डब्ल्यू. यातील 94 म्हणजे एका टायरने वाहायचे कमाल वजन, 670 किलो. तेथे 91 असेल तर ते 615 वर येते. चार चाकांचा हिशेब केला तर 220 किलोंची तूट पडते, म्हणजे सामानासह तीन माणसांचे वजन. डब्ल्यू हे वेगाचे अक्षर, ताशी 270 किलोमीटरपर्यंतचे. व्ही म्हणजे 240, एच म्हणजे 210, टी म्हणजे 190. “आपण कुठे शंभराच्या वर जातो?” असा प्रश्न दुकानदारही विचारतो. पण हे अक्षर केवळ वेगाचे नाही, उष्णता सोसण्याचेही आहे. मे महिन्यात नांदेडचा पारा चव्वेचाळीसला टेकतो, डांबर त्याहून कितीतरी तापते, गाडीत पाच माणसे आणि कचनेर किंवा कुंथलगिरीच्या यात्रेचे सामान असते. गाडीच्या दारावरील किंवा पुस्तिकेतील आकड्यापेक्षा भाराचा आकडा आणि वेगाचे अक्षर खाली येता कामा नये. दर कितीही खाली आला तरी.

समृद्धी महामार्गामुळे ही बाब आता धर्माबादकरांच्याही दाराशी आली आहे. नांदेडहून जालना गाठले की 120 च्या मर्यादेचा काँक्रीटचा रस्ता नागपूरकडेही जातो आणि मुंबईकडेही. गावातल्या चाळीस मिनिटांच्या फेरीत जो टायर निर्दोष वाटतो तो तेथे तीन-तीन तास न थांबता तापत राहतो. 2023 मध्ये परिवहन विभागाने या महामार्गाच्या प्रवेशमार्गांवर टायर तपासण्याची मोहीम सुरू केली आणि झिजलेल्या टायरांच्या गाड्या परत पाठवल्या. नियमाने मोटारीच्या टायरची नक्षी 1.6 मिलिमीटरच्या खाली जाऊ देता येत नाही. ओल्या रस्त्यावरची पकड मात्र त्याच्या बरीच आधी, तीन मिलिमीटरच्या सुमारास ढासळू लागते.

टिकाऊ टायरचा एक धोका असा की तो झिजत नाही, पण म्हातारा होतो. महागडी गाडी बहुधा कमी धावते. वर्षाला पाच-सहा हजार किलोमीटर धावणाऱ्या गाडीचा ऐंशी हजारांचा टायर चौदा वर्षे पुरेल, असा हिशेब कागदावर बरोबर आहे आणि रस्त्यावर घातक. 30 नोव्हेंबर 2013 रोजी कॅलिफोर्नियात अभिनेता पॉल वॉकर ज्या पोर्शे करेरा जीटीमध्ये होता, तिचा भीषण अपघात झाला. तपासात मुख्य कारण अतिवेगच निघाले. पण गाडीचे टायर नऊ वर्षे जुने असल्याचेही नोंदवले गेले. जगातल्या अत्यंत महागड्या गाड्यांपैकी ती एक होती. टायरचा जन्म कडेवरील चार अंकांत असतो. 2319 म्हणजे 2019 सालाचा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांनंतर नक्षी शिल्लक असली तरी तो जाणकाराला दाखवावा, आणि नवा म्हणून दोन वर्षे गोदामात पडलेला टायर घेऊ नये.

बीएमडब्ल्यूच्या आणि आणखी काही गाड्यांत स्टेपनीच नसते. तेथे रन-फ्लॅट टायर असतात, जे हवा गेल्यावरही ताशी 80 च्या आत साधारण 80 किलोमीटर नेतात. त्यांच्या जागी साधे टायर बसवले तर पैसे वाचतात आणि गाडी मऊ चालते, हे खरे. पण मग रात्री पंक्चर झाल्यावर काय करायचे, हे आधी ठरवायला हवे. निदान हवा भरण्याचा छोटा पंप आणि स्टेपनी सोबत हवी.

बचतच करायची तर तिला जागा आहेत. महिन्यातून एकदा, टायर थंड असताना हवा तपासणे. दर दहा हजार किलोमीटरला अलाइनमेंट. नायट्रोजनचे पैसे देण्याचीही गरज नाही. साध्या हवेत 78 टक्के नायट्रोजनच असतो. दोनच टायर घ्यायचे झाले तर नवे मागे लावावेत, कारण ओल्या वळणावर मागची चाके सुटली तर गाडी सावरणे कठीण. चारही चाकांना शक्ती देणाऱ्या गाडीत मात्र चारही एकदमच बदलणे बरे. दोन जुनी, दोन नवी असली की घेराच्या फरकाने आतली यंत्रणा झिजते आणि वाचवलेले पैसे दुप्पट होऊन बाहेर पडतात.

अठरा इंची टायर धर्माबादच्या दुकानात सहसा तयार नसतो. नांदेडला किंवा निजामाबादला निरोप धाडावा लागतो आणि चार-सहा दिवस थांबावे लागते. तेवढ्या दिवसांत दुकानात जे आहे तेच बसवून टाकण्याचा मोह होतो. घरातली छोटी गाडी तोवर मोंढ्याची फेरी करू शकते.