शिशीतलं पाणी आणि पुडीतली माती



चाळी पाडल्या जात आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेट्या खाली उतरत आहेत आणि निम्मं सामान भंगारवाल्याच्या हातगाडीवर चाललं आहे. जाऊ द्या, मोडकी खाट कोणी सांभाळावी? पण पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेली एखादी वस्तू असते. ती टाकण्याआधी एक हकीकत ऐका.

माझे आजोबा महाडकडचे, गिरणीत रिंग खात्यात. त्यांच्या पेटीत औषधाची एक जुनी शिशी होती, बूच लाखेने बंद केलेलं. आत चवदार तळ्याचं पाणी. शेजारच्या खोलीतले मराठा दादाही आमच्याच तालुक्यातले. त्यांच्या देव्हाऱ्यात रायगडच्या मातीची पुडी. दादा म्हणायचे, "तुझं पाणी नि माझी माती, दोन्ही मिळून गावचा चिखल!" आणि दोघे पोटभर हसायचे.

हसणं खरंच होतं. पण हिशेबही खरा असावा. माती उचलायला दादांना कोणाचा कागद लागला नाही. आजोबांच्या शिशीला काय काय लागलं, ते पाहा.

रावबहादूर बोले यांनी १९२३ साली मुंबई कौन्सिलात ठराव आणला की, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे खुले केले. कुठे? कागदावर! तळ्यावर गुरंढोरं पाणी पीत होती, माणसाला मात्र बंदी. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. तळं गावात, आणि पाणी विकत! २० मार्चला बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळ भरली, मागोमाग जमलेल्या साऱ्यांनी. मग डोकी फुटली. आणि तळं "शुद्ध" करायला शेण, गोमूत्र, दूध, दही घालून १०८ घागरींचा विधी झाला. शेण चाललं, माणसाचा हात चालला नाही.

डिसेंबरात पुन्हा परिषद. मंडपाला जागा कोणी देईना, ती एका मुसलमान गृहस्थाने दिली. मुंबईची मंडळी समुद्रमार्गे दासगावला उतरून चालत महाडला गेली. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळाली. तळ्यावर मात्र कोर्टाचा मनाई हुकूम. हायकोर्टाचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी. एका ओंजळीला दहा वर्षे! त्यानंतर आजोबा गावी गेले आणि येताना ही शिशी भरून आणली.

सगळेच सवर्ण आडवे आले असं नव्हे. सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे बाबासाहेबांच्या बाजूला उभे राहिले. परिषदेसाठी राबलेले रामचंद्र बाबाजी मोरे महाड तालुक्यातलेच. पुढे त्यांनी लाल बावट्याखाली गिरणीकामगारांत काम केलं. म्हणजे तळं आणि गिरणी ह्या दोन वेगळ्या गोष्टी नव्हेत.

कारण मुंबईत तरी काय होतं? साळखात्यात पगार जास्त. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढायचा, तेव्हा अस्पृश्याला साच्यावर घ्यायचं नाही! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा सवाल संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. तरी आजोबा रिंग खात्यातच म्हातारे झाले. मालकाला आपण रोज शिव्या घातल्या, घालायलाच हव्या होत्या. पण साच्यावरून "तू नको" म्हणणारा शेजारी आपलीच मराठी बोलत होता.

मराठी राज्य १ मे १९६० रोजी आलं. त्यासाठी शंभराहून अधिक माणसांनी प्राण दिले. त्याआधी १९५५ साली बाबासाहेबांनी भाषिक राज्यांवर लिहिताना बजावलं होतं की, अशा राज्यात एखाद्या मोठ्या जातीचंच राज्य होण्याचा धोका असतो. तरीही त्यांच्या पक्षाची माणसं समितीत सामील होऊन लढली. त्यांना हा महाराष्ट्र हवा होता, पण पाण्यासकट.

कोणी म्हणेल, "झालं गेलं, जुनं उकरून एकी कशाला मोडता?" अहो, आजोबा आणि दादा पन्नास वर्षे भिंतीला भिंत लावून राहिले, एकाच फाटकावर संपात बसले. शिशीमुळे त्यांची एकी मोडली नाही. शिशीत काय आहे हे दादांना पक्कं ठाऊक होतं, म्हणून ती टिकली.

आमची खोली रिकामी करताना सूनबाईने शिशी उन्हाला धरली. पाणी निम्म्यावर आलेलं, आत हिरवट कड धरलेली. म्हणाली, "मामंजी, हे ओतून देऊ का?" तिचा काय दोष? तिला कोणी सांगितलंच नव्हतं. मी तिथेच पेटीवर बसलो आणि वर लिहिलं आहे ते सगळं तिला सांगितलं.

दादांच्या नातवाला विचारलं, "पुडी कुठाय रे?" तो म्हणाला, "काका, आईने तुळशीत टाकली वाटतं." म्हटलं, हरकत नाही, २० मार्चला आमच्याबरोबर चल. महाडला उतरू. आधी तळं, मग गड.