मत वेगळे, हक्क तोच

रमजानचा शेवटचा अशरा जवळ आला की मशिदींमधल्या बयानात हजरत अली (रजि.) यांच्या शहादतीचा उल्लेख हमखास येतो. हिजरी सन ४०, म्हणजे इसवी सन ६६१. परंपरेनुसार १९ रमजानच्या पहाटे कुफा शहराच्या मशिदीत फजरच्या नमाजेच्या वेळी त्यांच्यावर विषारी तलवारीचा वार झाला आणि दोन दिवसांनी, २१ रमजानला, त्यांनी डोळे मिटले. मारेकरी परधर्मी नव्हता. तो नमाज पढणारा, कुरआन पढणारा माणूस होता. वादाची भाषा धर्माची होती, पण मूळ राजकारणात होते. राज्य कोणी करावे आणि तंटा कोणी सोडवावा, यावरून सारे पेटले होते.

या वादाची सुरुवात त्याच्या चार वर्षे आधी झाली. सन ६५७ मध्ये सिफ्फीनच्या लढाईत हजरत अलींनी रक्तपात थांबवण्यासाठी लवाद मान्य केला. त्यांच्याच फौजेतल्या एका गटाला हे पटले नाही. निवाडा फक्त अल्लाहचा, माणसांचा नव्हे, असे म्हणत हा गट फुटला. इतिहासात त्यांना खारिजी, म्हणजे बाहेर पडलेले, असे नाव मिळाले. ही मंडळी कुफ्याच्या मशिदीत येत, खलिफा खुत्बा देत असताना मध्येच उठून घोषणा देत, त्यांना धर्मभ्रष्ट ठरवत.

राज्य हजरत अलींचे होते, फौज त्यांची होती. भर मशिदीत अपमान करणाऱ्यांना तुरुंगात टाकणे किंवा शहराबाहेर काढणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी त्याऐवजी तीन गोष्टी जाहीर केल्या. तुम्हाला अल्लाहचे नाव घेण्यासाठी मशिदीत येण्यापासून अडवणार नाही. तुम्ही आमच्या बरोबरीने आहात तोवर सरकारी खजिन्यातला तुमचा वाटा बंद करणार नाही. आणि तुम्ही हत्यार उचलल्याशिवाय आम्ही तुमच्याशी लढणार नाही.

या तीन वाक्यांत त्यांचे मत मान्य केल्याचा एक शब्दही नाही. खारिज्यांची घोषणा खरी असली तरी तिच्यामागचा हेतू खोटा आहे, असे हजरत अलींनी स्पष्ट सुनावले होते. राजकीय मताचा आदर म्हणजे त्या मताला मान डोलावणे नव्हे आणि वाद टाळणेही नव्हे. समोरच्याचे मत कितीही चुकीचे वाटो, सार्वजनिक जागेवरचा त्याचा हक्क, त्याची रोजीरोटी आणि त्याची सुरक्षितता यांना धक्का न लावणे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

आज कोणत्याही तालुक्याच्या गावात निवडणूक येऊन गेली की हे तीन हक्क कुठे उरतात ते पाहावे. मोहल्ल्यातला एखादा माणूस मोहल्ल्याला नावडत्या पक्षाच्या व्यासपीठावर दिसला, तर दुसऱ्या दिवशी तो ‘बिकाऊ’ ठरतो. मशिदीच्या पायरीवर त्याच्या सलामाला उत्तर मिळत नाही. पेठेतला एखादा माणूस आपल्या आळीच्या मताविरुद्ध बोलला, तर तो ‘देशद्रोही’ ठरतो आणि गणेश मंडळाच्या बैठकीचा निरोप त्याला येईनासा होतो. मग मोबाइलवर संदेश फिरतो, अमक्याच्या दुकानातून माल घेऊ नका. भाड्याच्या खोल्या नाव ऐकून नाकारल्या जातात. मतदान गुप्त असावे अशी व्यवस्था कायद्याने केली आहे, कारण मतामुळे कोणाचे नुकसान होऊ नये. तरीही कट्ट्यावर बसून कोणत्या घराने कोणाला मत दिले याचे हिशेब मांडले जातात आणि वसूलही केले जातात.

येथे एक प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो. ज्या मतात आपल्याला या गावात, या देशात जागाच नाही, त्याचा आदर कसा करायचा? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तरही त्याच इतिहासात आहे. खारिजी घोषणा देत होते तोवर हजरत अलींनी त्यांना शब्दांनीच उत्तर दिले. पुढे त्यांनी निरपराध माणसांचे खून केले, तेव्हा खुन्यांना हवाली करण्याची मागणी केली. ती धुडकावली गेली आणि मगच सन ६५८ मध्ये नहरवानला लढाई झाली. मत आणि हात यांच्यामध्ये त्यांनी रेघ ओढली होती. मताशी वाद घालावा, सभेत, लेखणीने, मतपेटीतून त्याला हरवावे. हात उठला तर कायद्याकडे जावे. पण हात उठण्याआधीच मतासाठी माणसाची भाकरी तोडणे न्याय ठरत नाही. एखाद्या समूहाचे वैर तुम्हाला अन्यायाकडे ढकलू नये, ही सूरह माइदातली शिकवण याच जागी लागू पडते.

हजरत अली सत्तेवर होते, हे आणखी महत्त्वाचे. ज्याची ताकद जास्त, त्याच्यावर ही तीन बंधने आधी येतात. देशात, राज्यात ज्यांची संख्या मोठी, त्यांनी हे स्वतःला विचारावेच. पण प्रत्येक गल्लीत कोणीतरी बहुसंख्य असतेच. मोहल्ल्यात वेगळे मत देणाऱ्या एकट्या माणसासमोर सगळा मोहल्ला बहुसंख्य असतो. बाहेर सहिष्णुता मागणाऱ्यांनी आत ती द्यायला हवी.

महाराष्ट्राला ही रीत परकी नाही. जहाल आणि मवाळ यांच्या वादात १९०७ साली सुरत येथे काँग्रेस दुभंगली. टिळक एका बाजूला, गोखले दुसऱ्या. दोघांच्या वृत्तपत्रांनी एकमेकांवर तिखट लिहिले. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी गोखले गेले, तेव्हा सिंहगडावर असलेले टिळक पुण्यात आले आणि स्मशानभूमीत त्यांनी गोखल्यांच्या देशसेवेचा मोठ्या मनाने गौरव केला. वादातला आपला मुद्दा त्यांनी सोडला नव्हता.

जखमी हजरत अलींनी आपल्या मारेकऱ्याबद्दलही ताकीद दिली होती. त्याला खाऊ-पिऊ घाला, त्याचे हाल करू नका, माझा मृत्यू झाला तर एका वाराला एकच वार, आणि माझ्या नावाने दुसऱ्या कोणाचे रक्त सांडू नका. दर रमजानला ही हकिकत ऐकून डोळे पुसले जातात. रोजादाराशी कोणी भांडायला आले तर त्याने ‘मी रोजाने आहे’ एवढेच म्हणावे, ही पैगंबर मुहम्मद (स.) यांची शिकवणही सर्वांना पाठ असते. मोबाइलवरचा विखारी संदेश पुढे ढकलताना मात्र अंगठ्याचा रोजा सुटलेला असतो.

थोड्या दिवसांत ईद येईल. घराघरांतून शिरखुर्म्याचे डबे निघतील. गेल्या निवडणुकीतल्या बाचाबाचीपासून ज्या घरी डबा गेलेला नाही, असे एखादे घर बहुतेक गल्ल्यांत सापडेल. ते घर कधी हिंदूचे असते, कधी मुसलमानाचेच. यंदा पहिला डबा तिथे जावा. दिवाळीला त्या घरातून फराळाचे ताट आले तर उत्तमच, न आले तरी पुढच्या ईदेला पुन्हा डबा पाठवावा.