थेंबही पाजा, इंजेक्शनही द्या

“आता कुठे राहिलाय पोलिओ? मग बाळाला किती वेळा ते थेंब पाजायचे?” लसीकरणाच्या दिवशी हा प्रश्न ठरलेला. प्रश्न रास्तच आहे. जानेवारी २०११मध्ये हावड्यातल्या एका मुलीला पोलिओ झाला. त्यानंतर देशात मूळ रानटी विषाणूचा एकही रुग्ण सापडलेला नाही. तरीही डोस चुकवू नका.

थेंबांत जिवंत, पण दुबळा केलेला विषाणू असतो. आतड्यात वाढताना तो स्वतःच्या नकला काढतो आणि नकलेत चुका होतात. पोलिओ विषाणूच्या ‘टाइप २’ या प्रकाराच्या जुन्या लसीत त्याचा दुबळेपणा मोजक्या बदलांवर टिकून होता. त्यातला एक तर काही दिवसांतच पुसला जाई. वस्तीतल्या बहुतेक मुलांनी डोस घेतले असतील, तर हा विषाणू तिथेच विरतो. पण बरीच मुलं सुटलेली असली, तर तो एकाकडून दुसऱ्याकडे जात महिनोन्‌महिने बदलत राहतो आणि पुन्हा लुळेपणा आणू शकतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले राउल अँडिनो आणि ब्रिटनमधले अँड्र्यू मॅकॅडम यांनी विषाणूची ही खोडच अभ्यासली. नकलेतल्या चुका कमी व्हाव्यात आणि दुबळेपणा सहजी पुसला जाऊ नये, अशा बेताने त्यांनी टाइप २चा नवा लस-विषाणू घडवला. २०१७मध्ये अँटवर्प विद्यापीठाच्या वाहनतळावर कंटेनरची वसाहत उभारून त्यात ३० स्वयंसेवकांना २८ दिवस ठेवलं आणि नव्या लसी तपासल्या. २०२१पासून त्यातली एक लस साथीच्या ठिकाणी वापरली जाते. पण तीही जिवंत लसच. मुलं सुटली, तर तिच्यातही बदल साचू शकतात. प्रयोगशाळेने कितीही डोकं लढवलं, तरी सुटलेल्या मुलाची भरपाई तिथे होत नाही.

आपल्याकडे एप्रिल २०१६पासून थेंबांत टाइप २ नाहीच. त्यापासूनचं संरक्षण इंजेक्शनमधून मिळतं. म्हणून “थेंब पाजलेत, सुई राहू दे” असं म्हणू नका. सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात दंडावर दिली जाणारी ती छोटी सुई घेतलीच पाहिजे. थेंब जन्मतः, मग सहा, दहा, चौदा आठवड्यांनी आणि दीड वर्षाच्या सुमारास. साधी सर्दी असली म्हणून परत फिरू नका. एखादा डोस राहिला असेल, तर लसीकरण कार्ड घेऊन आशाताईंना किंवा नर्सताईंना गाठा. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.