वाघ, मोळी आणि वाल्मीक थापर



वाघासाठी जवळपास पन्नास वर्षे भांडलेले वाल्मीक थापर ३१ मे २०२५ रोजी दिल्लीत गेले. त्याआधी तीन आठवडे, १० मे रोजी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाहीजवळच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायांना वाघाने मारले. या दोन बातम्या आम्हाला एकत्र वाचाव्याशा वाटतात.

थापर १९७६ साली राजस्थानातल्या रणथंबोरला गेले आणि तिथले वनाधिकारी फतेहसिंह राठोड यांचे शिष्यच झाले. राठोडांनी व्याघ्र प्रकल्पासाठी जंगलातली बारा गावे उठवली होती. १९८१ साली गावकऱ्यांनी त्यांना अर्धमेले होईस्तोवर मारले. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस थापरांनी रणथंबोर फाउंडेशन काढले, ते भोवतालच्या गावांत काम करण्यासाठी : रोपवाटिका, दुभती जनावरे, औषधोपचार. लैला तय्यबजींची 'दस्तकार' संस्था तिथे आली आणि तिथल्या बाया ठिगळकामाच्या गोधड्या शिवून स्वतःचे पैसे मिळवू लागल्या. पुस्तकांतल्या आणि टीव्हीवरच्या थापरांपेक्षा हे थापर आम्हाला जवळचे.

सरिस्कातले वाघ संपल्यावर २००५ मध्ये केंद्राने व्याघ्र कृतिदल नेमले. सुनीता नारायण अध्यक्ष. पुण्याचे माधव गाडगीळ आणि थापर सदस्यांत. लोकांना सोबत घेतल्याशिवाय वाघ वाचणार नाही, असा अहवालाचा सूर होता. थापरांनी वेगळे मत नोंदवले : वाघ आणि माणूस एकत्र नांदू शकत नाहीत, वाघाला माणसांपासून मोकळे जंगल हवे. २००६ च्या वनहक्क कायद्यालाही त्यांचा विरोध होता.

शिकारी टोळ्या आणि ढिसाळ वनखाते यांबद्दल ते बोलले, ते खरेच होते. मोकळ्या जंगलाची गरज आम्हीही नाकारत नाही. पण 'माणूस' हा शब्द फार सोयीचा आहे. त्यात डोक्यावर मोळी घेतलेली बाई दिसेनाशी होते. (गोधड्यांच्या कामात ती दिसली होती, म्हणून जास्त खटकते.) सिंदेवाहीच्या बाया काही वाघाच्या राखीव गाभ्यात घुसल्या नव्हत्या. तिकडे वाघ गाभ्याबाहेरही राहतो, आणि वर्षाचे चार रोख पैसे देणारे तेंदूपानही तिथेच असते. कुंपणाने हा प्रश्न सुटत नाही.

वाघाचा वावर असलेल्या पट्ट्यात पाने तोडायला बंदी घालायची, तर त्या दिवसांची मजुरी कोण देणार? ती बायांच्या हातात पडणार का? हे हंगाम सुरू होण्याआधी ठरले पाहिजे, आणि ठरवणाऱ्या बैठकीत पाने तोडणाऱ्या बाया असल्या पाहिजेत. चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैत्रिणींनी आपल्या गावात काय घडते आहे, ते आम्हाला जरूर लिहून कळवावे.