गोरिलाच्या गळ्यातील पाटी

मे १८६१ मध्ये लंडनच्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाने एका गोरिलाचे चित्र छापले. त्याच्या गळ्यातील पाटीवर प्रश्न होता: मी मानव आणि बंधू आहे काय? थट्टा उत्क्रांतिवादाची होती. प्रश्न मात्र उसना होता. १७८७ च्या वेजवुडच्या गुलामीविरोधी पदकावर बेड्यांतला, गुडघे टेकलेला कृष्णवर्णीय माणूस जवळजवळ तेच विचारीत होता. त्याचा आक्रोश वानराच्या गळ्यात अडकवून वाचक हसले. गळ्यात अडकविलेल्या वस्तूचा अर्थ आम्हांला कोणी समजावून सांगावा लागत नाही. पुढे त्याच ‘पंच’मध्ये जॉन टेनियल आयरिश बंडखोरांना वानरमुखी रंगवीत राहिला.

त्याच इंग्लंडात जिवंत प्राण्यांवरील शस्त्रप्रयोगांविरुद्ध चळवळ उभी राहिली. १८७५ मध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब यांनी संस्था स्थापिली, शाही आयोगापुढे डार्विनची साक्ष झाली आणि १८७६ मध्ये कायदा आला. प्रयोगाला परवाना हवा, प्राण्याला भूल हवी. कुत्रा, मांजर, घोडा यांना विशेष संरक्षण.

त्याच साली दख्खनमध्ये दुष्काळ पडला. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी पौंडभर धान्याची किंमत आणि वर एक आणा इतकी खाली आणली. एवढ्यावर माणूस राबू शकतो का, हेच जणू अजमावले गेले. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनी विरोध केला. या प्रयोगाला कसला परवाना लागला नाही.

आज आमची मुले प्राणिप्रयोगांविरुद्ध बोलू लागली की काही वडीलधारे उपहासाने म्हणतात, मुंग्यांना साखर घालणाऱ्यांनीच आपल्याला पाणवठ्यावरून हाकलले. हा संताप रास्तच आहे. परंतु त्यासाठी मुलांच्या करुणेची टिंगल करणे आम्हांला मान्य नाही. ती ‘पंच’ची रीत झाली. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला आहे. तोच निकष येथे लावावा. लस आणि लिपस्टिक एका तराजूत बसत नाहीत. सौंदर्यप्रसाधनांसाठीचे प्राणिप्रयोग ब्रिटनने १९९८ मध्ये थांबविले, ते योग्यच झाले.

आणि मुलांना कॉबबाईंचा उत्तरार्धही सांगावा. प्राण्यांसाठी झगडणाऱ्या या बाईंनी १८७८ मध्ये नवऱ्यांचा मार खाणाऱ्या बायकांविषयी लेख लिहिला, आणि त्याच वर्षी अशा स्त्रियांना विभक्त राहण्याचा हक्क देणारा कायदा संमत झाला.